मॉडरेशन की मीडिएशन? आधी प्रश्न नीट लिहा

आपल्या डेटावर यातलं कोणतं विश्लेषण लावायचं, इथेच थिसिस करणाऱ्यांचा हमखास गोंधळ होतो, म्हणून आधी सॉफ्टवेअर बाजूला ठेवा आणि आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. 'ताण वाढला की मार्क का कमी होतात?' असं विचारत असाल तर ते मीडिएशन, कारण तुम्ही मधला दुवा शोधताय, ताणामुळे झोप कमी आणि झोप कमी म्हणून मार्क कमी. पण 'अभ्यासाच्या तासांचा फायदा सगळ्यांना सारखाच होतो का, की ताण असलेल्यांना कमी?' असं असेल तर मॉडरेशन, म्हणजे तिसरी गोष्ट (मॉडरेटर) त्या परिणामाचा जोर कमीजास्त करते. ताण तोच, पण एकीकडे तो कारण आणि दुसरीकडे मॉडरेटर, हे प्रश्नावरून ठरतं, डेटा सांगत नाही.

मॉडरेशन त्यातल्या त्यात सोपं. रिग्रेशनमध्ये (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधणारं समीकरण) तास आणि ताण दोन्ही व्हेरिएबल ठेवा आणि त्यांचा गुणाकारही घाला. समजा तासांचा कोएफिशियंट, म्हणजे समीकरणात तासांना मिळालेला आकडा, 3 आला आणि गुणाकाराचा उणे 0.5, तर ताण 0 असताना तासामागे 3 मार्क वाढतात, ताण 4 असेल तर फक्त 1. त्या 3 ला 'तासांचा एकूण परिणाम' म्हणू नका प्लीज, आणि तुमच्या स्केलवर 0 नसेलच तर मीन सेंटरिंग करा, म्हणजे प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करा, गुणाकाराचा कोएफिशियंट त्याने बदलत नाही, बाकीचे आकडे मात्र वाचता येतात. मग सिंपल स्लोप्सचा, म्हणजे कमी आणि जास्त ताणासाठी वेगवेगळ्या रेषांचा, ग्राफ काढाच.

मीडिएशनला दोन रिग्रेशन लागतात. पहिल्यात ताण एकने वाढला की झोप अर्धा तास कमी, दुसऱ्यात ताण तेवढाच धरून झोप तासभर वाढली की मार्क 4 ने जास्त, असं आलं समजा. या दोन्ही आकड्यांचा गुणाकार उणे 2, हाच इनडायरेक्ट इफेक्ट, म्हणजे झोपेमार्गे होणारा परिणाम; झोप बाजूला ठेवून उरतो तो डायरेक्ट.

बॅरन आणि केनीच्या 1986 च्या पेपरमधल्या पायऱ्या अजूनही शिकवतात, त्यात एकूण परिणाम सिग्निफिकंट (निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही असा) नसेल तर तिथेच थांबायचं असतं, पण डायरेक्ट आणि इनडायरेक्ट इफेक्ट उलट दिशेचे असले तर एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून आता तेवढ्यावर थांबत नाहीत. इनडायरेक्ट इफेक्टचं बूटस्ट्रॅप घ्या, म्हणजे आपल्याच डेटातून पुन्हापुन्हा सॅम्पल काढून तो मोजा, 5000 सॅम्पल, आणि 95 टक्के इंटरव्हलमध्ये 0 येतो का बघा; नसेल तर इफेक्ट सिग्निफिकंट. अँड्र्यू हेज यांच्या प्रोसेस मॅक्रोमध्ये (एसपीएसएससारख्या सॉफ्टवेअरला जोडायचा तयार प्रोग्रॅम) साध्या मीडिएशनला मॉडेल 4, मॉडरेशनला मॉडेल 1.

एकाच वेळी भरून घेतलेल्या सर्व्हेवर मीडिएशन लावताना मात्र जपून, झोप कमी म्हणून ताण वाढला असंही असू शकतं आणि बूटस्ट्रॅपला ते कळत नाही. जमलं तर ताण, झोप, मार्क वेगवेगळ्या वेळी मोजा, आणि आजारपणासारखी झोप आणि मार्क दोन्ही बिघडवणारी गोष्ट आधीच मोजून मॉडेलमध्ये घ्या.