फोनचं सॉफ्टवेअर मागच्या आवृत्तीवर नेताना

नवं अपडेट टाकलं आणि बॅटरी भराभर उतरायला लागली, कामाचं एखादं ॲप उघडेना. अशा वेळी जुन्या आवृत्तीची फाइल उतरवून फ्लॅश मारावीशी, म्हणजे ती फोनवर चढवावीशी वाटते. पण फाइल हाताशी असून भागत नाही. फोन मागे जायला तयार आहे का, हे आधी तपासावं लागतं. आयफोनमध्ये ही परवानगी ॲपलचा सर्व्हर देतो. अँड्रॉइडमध्ये फोनच्या चिपमध्ये साठवलेला एक आकडा ते ठरवतो. हा तपास वगळला, तर आयफोन फार तर नकार देऊन थांबतो, अँड्रॉइड मात्र कायमचा ब्रिक, म्हणजे विटेसारखा निकामी होऊ शकतो.

'अनलॉक' हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, त्यामुळे चुकीची माहिती वाचून चुकीची कृती होते. सिमलॉक उघडणं म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम चालणं. त्याचा सॉफ्टवेअरच्या आवृत्तीशी संबंध नाही. बूटलोडर म्हणजे फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम; तो उघडणं म्हणजे कंपनीची सही नसलेली सिस्टिमही सुरू करायची मुभा. रूट किंवा जेलब्रेक म्हणजे चालू सिस्टिममध्ये सर्वाधिकार मिळवणं. खाली 'अनलॉक' म्हटलं की बूटलोडर समजा. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीत, छोट्या अक्षरांत लिहायच्या.

केबल जोडण्याआधी

बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली हवी. केबल डेटा वाहणारी, शक्यतो फोनसोबत आलेली. हब टाळा आणि थेट संगणकाच्या पोर्टमध्ये लावा. मात्र यूएसबी ३ पोर्टवर फोन दिसेनासा झाला, तर यूएसबी २ पोर्ट किंवा साधा हब लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं. उतरवलेल्या फाइलचा एसएचए-२५६ आकडा (फाइलवरून काढलेला तिचा ठसा) संकेतस्थळावर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. विंडोजमध्ये त्यासाठी 'सर्टयुटिल -हॅशफाइल' ही आज्ञा आहे, तिच्यापुढे फाइलचं नाव आणि शेवटी 'एसएचए२५६' लिहायचं, वेगळं काही बसवावं लागत नाही. अर्धवट उतरलेली फाइल फ्लॅश मारताना मध्येच अडकते, आणि तोवर जुनी सिस्टिम पुसली गेलेली असते.

अकाउंटकडे विशेष लक्ष द्या. आयफोनवर 'फाइंड माय' बंद करा, अँड्रॉइडवर गूगल अकाउंट सेटिंगमधून काढून टाका. फोन पुसल्यावर चोरीविरोधी कुलूप आधीच्या अकाउंटचा पासवर्ड मागतं. तो आठवत नसेल, तर सॉफ्टवेअर नीट बसूनही फोन वापरता येत नाही.

आयफोन: सही मिळते तोवरच

आयओएस बसवताना फोन स्वतःचा ईसीआयडी (प्रत्येक फोनचा वेगळा) क्रमांक आणि त्या वेळेपुरता तयार केलेला नॉन्स नावाचा आकडा ॲपलच्या सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हर त्यावर सही करून देतो आणि ती सही जुळली तरच बसवणं पुढे सरकतं. नवी आवृत्ती आल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत आधीच्या आवृत्तीला सही देणं बंद होतं. म्हणून मागे जायचं असेल तर निर्णय लवकर घ्या. कोणत्या आवृत्तीला सध्या सही मिळते, हे 'आयपीएसडब्ल्यू डॉट मी' या संकेतस्थळावर मॉडेलनुसार दिसतं. हिरवी खूण नसेल तर फाइल उतरवण्यात वेळ घालवू नका.

आता बॅकअप. नव्या आयओएसवर घेतलेला बॅकअप जुन्या आयओएसवर परत चढत नाही. त्यामुळे अपडेट टाकण्याआधीच संगणकावर एन्क्रिप्टेड बॅकअप घ्यावा आणि फाइंडर किंवा आयट्यून्समध्ये त्यावर उजवं क्लिक करून 'आर्काइव्ह' करावा. आर्काइव्ह केला नाही, तर पुढचा बॅकअप त्याच्यावरच चढतो. साधा नको, एन्क्रिप्टेडच घ्या. साठवलेले पासवर्ड आणि आरोग्याची नोंद साध्या बॅकअपमध्ये येत नाही. अपडेट आधीच टाकून झालं असेल, तर फोटो, संपर्क आणि नोंदी आयक्लाउडवर चढल्यात याची खात्री करा. बाकीचं गेलं असं धरून चला.

बसवायची रीत सोपी आहे. फोन जोडा. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या फोनवर आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, मग कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण धरून ठेवा. ॲपलचं चिन्ह आलं तरी सोडू नका. केबल आणि संगणकाचं चित्र येईपर्यंत धरा. हा रिकव्हरी मोड. मॅकवर ऑप्शन, विंडोजवर शिफ्ट हे बटण धरून 'रिस्टोअर'वर क्लिक करा आणि उतरवलेली फाइल निवडा. ते बटण न धरता क्लिक केलं, तर सगळ्यात नवी आवृत्तीच उतरून बसते. फाइल आधी उतरवून ठेवण्याचं आणखी एक कारण आहे: संगणक ती त्याच वेळी उतरवत बसला आणि १५ मिनिटांहून जास्त लागली, तर फोन रिकव्हरी मोडमधून बाहेर पडतो.

चूक ३१९४ आली तर दोन शक्यता. एक, त्या आवृत्तीला सही मिळणं थांबलंय. दोन, संगणक सर्व्हरपर्यंत पोचत नाहीये. होस्ट्स फाइलमध्ये ॲपलचा पत्ता अडवलेला आहे का पाहा. चूक ९ किंवा ४०१३ म्हणजे मध्येच जोडणी तुटली. आधी केबल, मग पोर्ट, मग संगणक बदला. तिन्ही बदलूनही तीच चूक आली, तर दोष फोनच्या हार्डवेअरमध्ये असू शकतो.

सही बंद झालेल्या आवृत्तीवर जाण्यासाठी एसएचएसएच ब्लॉब वापरतात, म्हणजे सही चालू असताना जपून ठेवलेली तीच सही. 'फ्यूचररिस्टोअर' हे साधन ती फोनला दाखवतं. पण त्यासाठी फोनचा नॉन्स जुन्या सहीतल्या नॉन्सशी जुळवावा लागतो आणि तसं करायला बहुधा आधी जेलब्रेक लागतो. शिवाय सुरक्षा चिपचं म्हणजे एसईपीचं फर्मवेअर आजच्या सही मिळणाऱ्या आवृत्तीचंच बसतं. ते जुन्या आयओएसशी पटलं नाही, तर फेस आयडी, टच आयडी चालत नाही किंवा फोन सुरूच होत नाही. २०१८ च्या ए१२ चिपपासून नॉन्स फोनच्या आतल्या किल्लीशी बांधला गेला, त्यामुळे नव्या फोनवर ही वाट फारच अरुंद आहे. पैसे घेऊन कुठल्याही आयफोनवर कुठलीही जुनी आवृत्ती बसवून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मागे जाता येत नसेल तर जेलब्रेक

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये 'चेकमेट' (हे नाव ८ आकडा घालून लिहितात) ही बूटरॉममधली, म्हणजे फोन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या कोडमधली त्रुटी जाहीर झाली. बूटरॉम कारखान्यात कोरलेला असतो, अपडेटनं तो बदलत नाही. म्हणून आयफोन ४एसपासून आयफोन १०पर्यंतच्या फोनांवर ही त्रुटी कायमची राहिली. आयओएस १५ आणि पुढे तिच्यावर आधारलेलं 'पॅलेराइन' हे जेलब्रेकचं साधन वापरतात. ते मॅक आणि लिनक्सवर चालतं. विंडोजवाल्यांनी पेनड्राइव्हवरून चालणारं 'पॅलेनिक्स' घ्यावं. व्हर्च्युअल मशीनमध्ये प्रयत्न करू नये, डीएफयू मोडमध्ये (रिकव्हरी मोडपेक्षाही खालच्या पातळीवरची अवस्था) यूएसबी जोडणी तिथे टिकत नाही. केबल यूएसबी-ए टोकाची लागते. यूएसबी-सी ते लाइटनिंग केबलवर फोन डीएफयूमध्ये जायलाच अडतो.

डीएफयूमध्ये पडदा पूर्ण काळा राहतो. ॲपलचं चिन्ह दिसलं, म्हणजे बटण सोडायला उशीर झाला, पुन्हा करा. आयफोन ८ आणि १० वर आणखी एक अट आहे: पासकोड काढून टाकावा लागतो, आणि आयओएस १६ असेल तर शेवटच्या रिस्टोअरनंतर पासकोड एकदाही ठेवलेला नसावा. या फोनांवर जेलब्रेक असेपर्यंत पासकोड आणि टच आयडी किंवा फेस आयडी विसरायचे. त्यामुळे रोजच्या, पैशांचे व्यवहार करणाऱ्या फोनवर हे करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

पॅलेराइनच्या आज्ञेला 'डॅश एल' जोडला की रूटलेस प्रकार बसतो. सिस्टिमचा भाग अस्पर्श राहतो आणि जागाही कमी लागते. फोन बंद करून चालू केला की तो नेहमीसारखा सुरू होतो, जेलब्रेक मात्र उतरतो. तो परत आणायला संगणक लागतोच. एखाद्या ट्वीकमुळे (जेलब्रेकनंतर बसवलेल्या फेरफारामुळे) फोन सतत अडखळत असेल तर 'डॅश एस' जोडून सेफ मोडमध्ये सुरू करा आणि ते ट्वीक काढा. सगळंच काढायचं असेल तर 'डॅश एल डॅश डॅश फोर्स-रिव्हर्ट'.

अँड्रॉइड: आकडा उलटा फिरत नाही

काही अपडेटांबरोबर बूटलोडर चिपमधला रोलबॅक आकडा एकानं वाढवतो. त्यानंतर त्याहून कमी आकड्याचा बूटलोडर फोन स्वीकारत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए वर अँड्रॉइड १३ नं हेच केलं. तिथून अँड्रॉइड १२ वर परतीची वाट बंद झाली. यात एक छुपा खड्डा होता. पिक्सेलमध्ये सिस्टिमच्या दोन प्रती असतात, ए आणि बी स्लॉट. अपडेट एका स्लॉटमध्ये गेलं, दुसऱ्यात जुनाच बूटलोडर राहिला, आणि नवी प्रत काही कारणानं सुरू झाली नाही की फोन आपोआप जुन्या स्लॉटकडे वळणार, चिप त्याला नाकारणार, आणि फोन मेल्यासारखा पडणार. म्हणून अशा अपडेटनंतर नवा बूटलोडर दोन्ही स्लॉटमध्ये चढवून घ्यावा.

पिक्सेल अनलॉक करायला सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'ओईएम अनलॉकिंग' आणि 'यूएसबी डीबगिंग' चालू करा. संगणकावर गूगलचं प्लॅटफॉर्म-टूल्स (एडीबी आणि फास्टबूट या साधनांचा संच) हवं, विंडोजवर यूएसबी ड्रायव्हरही. 'एडीबी रीबूट बूटलोडर' दिल्यावर फोन फास्टबूटमध्ये, म्हणजे संगणकाकडून फ्लॅशच्या आज्ञा घेणाऱ्या अवस्थेत जातो. 'फास्टबूट डिव्हायसेस' दिल्यावर क्रमांक दिसायला हवा. दिसला नाही तर दोष बहुतेक वेळा ड्रायव्हरचा किंवा केबलचा. मग 'फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक', आवाजाच्या बटणानं 'अनलॉक' निवडा, पॉवर बटणानं पक्कं करा. या क्षणी फोनमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून बॅकअप याआधीच घेतलेला हवा. 'ओईएम अनलॉकिंग' करडं दिसत असेल, तर फोन इंटरनेटला जोडून पाहा. काही मोबाइल सेवा कंपन्यांनी विकलेल्या फोनवर ते कधीच उघडत नाही.

पुढे फॅक्टरी इमेज (गूगलनं दिलेली मूळ सिस्टिमची फाइल) उलगडून त्यातली 'फ्लॅश-ऑल' फाइल चालवायची, किंवा क्रोम ब्राउझरमधून गूगलचं अँड्रॉइड फ्लॅश टूल वापरायचं. डेटा वाचवायचा म्हणून काही जण आज्ञेतला डेटा पुसणारा 'डॅश डब्ल्यू' काढून टाकतात. नव्या आवृत्तीवर जाताना ते चालतं, मागे येताना नाही. डेटा उघडणाऱ्या किल्ल्या सिस्टिमची आवृत्ती आणि सुरक्षा पॅचच्या तारखेशी बांधलेल्या असतात. जुनी सिस्टिम दिसली की त्या काम करत नाहीत आणि फोन लोगोवरच फिरत राहतो.

सॅमसंगचं गणित वेगळं. बिल्ड नंबरमधलं शेवटून पाचवं अक्षर म्हणजे बूटलोडरची आवृत्ती: 'यू५सीव्हीडीडी' असा शेवट असेल तर ५. हा आकडा तोच असलेलं जुनं फर्मवेअर ओडिन या सॅमसंगच्या फ्लॅश साधनानं चढतं, त्यासाठी अनलॉकही लागत नाही आणि नॉक्स ही सुरक्षा यंत्रणाही शाबूत राहते. कमी आकडा असेल तर 'एसडब्ल्यू रेव्ह चेक फेल' असा नकार येतो. मागे येताना 'होम सीएससी' नको, साधी सीएससी (प्रदेशानुसारच्या सेटिंगची) फाइल निवडा. पहिली डेटा ठेवते, दुसरी पुसते. सही नसलेली सिस्टिम चढवली तर नॉक्सचा फ्यूज उडतो आणि तो परत जोडता येत नाही. सिक्युअर फोल्डर कायमचं जातं.

शाओमीमध्ये अनलॉकसाठी अकाउंट जोडून वाट पाहावी लागते, अनेक मॉडेलांवर १६८ तास. इथे दोन सापळे आहेत. 'फास्टबूट गेटव्हार अँटी' दिल्यावर आलेला आकडा जुन्या रॉमच्या (चढवायच्या सिस्टिमच्या) आकड्यापेक्षा मोठा असेल तर तिथेच थांबा. २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रो याच कारणानं ब्रिक व्हायचे. दुसरा सापळा 'मी फ्लॅश' या शाओमीच्या फ्लॅश साधनाच्या खिडकीत खाली उजवीकडे असतो. तिथे 'क्लीन ऑल अँड लॉक' आपोआप निवडलेलं असतं. ते बदलून 'क्लीन ऑल' करा. चीनमधल्या फोनवर ग्लोबल रॉम चढवून बूटलोडर पुन्हा बंद झाला, तर फोन सुरू होत नाही.

बूटलोडर पुन्हा लॉक करायचा नियम सगळीकडे एकच: कंपनीची मूळ सिस्टिम पूर्ण चढवा, फोन एकदा सुरू होऊ द्या, 'ओईएम अनलॉकिंग' चालूच ठेवा, आणि मगच लॉक करा (पिक्सेलवर 'फास्टबूट फ्लॅशिंग लॉक'). यात फोन पुन्हा पुसला जातो. रूट केलेल्या किंवा बदललेल्या सिस्टिमवर लॉक कधीही करू नका. अनलॉक ठेवला तर सुरू होताना नारिंगी इशारा दिसतो, तो धोक्याचा नाही. मात्र प्ले इंटिग्रिटी ही गूगलची सुरक्षा तपासणी नापास होते आणि बँकांची अनेक ॲप नकार देतात.

काम झालं की सगळ्यात आधी आपोआप अपडेट बंद करा: अँड्रॉइडवर डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'ऑटोमॅटिक सिस्टिम अपडेट्स', आयफोनवर जनरल, मग सॉफ्टवेअर अपडेटमधलं ऑटोमॅटिक अपडेट्स. नाहीतर फोन रात्री चार्जिंगला लावला की सकाळी पुन्हा त्याच आवृत्तीवर पोचलेला असतो.