बुद्धपौर्णिमेच्या मचाणावर जाताना

वैशाखी पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसून तिथे येणारे प्राणी मोजण्यासाठी ज्यांचे नाव यंदा वनविभागाच्या यादीत लागले आहे, त्यांनी तयारीची सुरुवात स्वयंपाकघरातून करावी. बरोबर न्यायच्या प्रत्येक पदार्थाचे वेष्टन घरीच काढावे. बिस्किटे, खजूर, चघळायच्या गोळ्या, बॅटरीचे सेल, जे जे चुरचुरणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये किंवा चकचकीत कागदात असेल, ते ते सोडवून सुती फडक्यात बांधावे. गेल्या वर्षी मी बाकी सारे नेले आणि नेमके एवढेच विसरलो. मध्यरात्रीनंतर खोकल्याची उबळ दाबण्यासाठी एका गोळीचा कागद सोडवला, तोच पाण्यात पुढचे पाय टाकून उभी असलेली सांबराची मादी जागीच ताठ झाली; तिने खूर जमिनीवर आपटला, ‘ढांक’ असा धोक्याचा कॉल दिला आणि पाडसाला घेऊन बांबूत शिरली. पहाटेपर्यंत त्या बोडीवर, म्हणजे त्या लहान तळ्यावर, एकही सांबर फिरकले नाही. म्हणून पुन्हा सांगतो: वेष्टने घरी काढा, प्रवासात नव्हे आणि मचाणावर तर मुळीच नव्हे.

ओळखपत्र आणि आरक्षणाची पावती लागतेच, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

कपडे मातकट किंवा फिक्या हिरव्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे आणि जुने असावेत. नवे, करकरीत कापड हलताना वाजते. अत्तर, सुवासिक तेल, वासाची पावडर यांपैकी काहीही नको, कारण हरणांचे नाक अतिशय तिखट असते आणि वारा मचाणाकडून पाण्याकडे वाहत असेल, तर उंचीचा आडोसाही पुरत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, हे ठाऊक असल्याने लोक चादर नेत नाहीत. परंतु पहाटे अंगावर घ्यायला एक पातळ चादर हवीच, आणि ती बसायलाही उपयोगी पडते, कारण लोखंडी मचाण दुपारभर तापलेले असते.

पाणी माणशी किमान चार लिटर असावे. दुपारी उन्हात मचाणावर सोडल्यानंतर सकाळी गाडी येईपर्यंत खाली उतरता येत नाही, आणि समोरच्या पाणवठ्यातले पाणी आपल्यासाठी नसते. स्टीलची बाटली लोखंडाला लागली की तिचा टणत्कार दूरवर जातो, म्हणून तिला जुना मोजा चढवावा. जेवण कोरडे आणि मऊ असावे: दशम्या, गूळपोळी, सोललेले शेंगदाणे. चिवडा, चकली, पापड हे पदार्थ कितीही आवडत असले तरी घरीच राहू द्यावेत, तसेच कांदा-लसणाची चटणीही. येथेही तोच नियम आहे: दशम्या फडक्यात बांधाव्यात, चांदीच्या कागदात नव्हे.

खाली उतरायचे नाही, याचा अर्थ लघवीसाठीही उतरायचे नाही. अस्वल आणि बिबट्या त्याच पाण्यावर येतात. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बाटली प्रत्येकाने स्वतंत्र न्यावी. स्त्रियांसाठी मिळणारे नरसाळे घरी एकदा वापरून पाहावे. संकोचापायी पाणी कमी पिऊन उष्माघात ओढवून घेणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तो शुद्ध अविचार आहे.

दुर्बीण असेल तर 7×50 ची (सातपट मोठे दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगाची) उत्तम, कारण चांदण्यात मोठ्या भिंगाचा खरा फायदा होतो. 8×42 चीही चालते. कॅमेऱ्याचा फ्लॅश तर बंद हवाच, पण फोकस घेताना पेटणारा छोटा लाल दिवासुद्धा बंद करावा, आणि ही सेटिंग दिवसाउजेडी शोधून ठेवावी. मोबाइल बंद ठेवावा. बॅगेची चेन आणि चिकटपट्टीचा (वेल्क्रोचा) कप्पा संध्याकाळीच उघडून ठेवावा. ती चिकटपट्टी रात्री ओढली, तर गोळीच्या कागदाइतकाच, किंबहुना त्याहून मोठा आवाज होतो.

नोंदीसाठी पेन्सिल न्यावी आणि वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्ले व एकूण संख्या असे रकाने आधीच आखून घ्यावेत. 2006 पासून देशातील व्याघ्रगणना दर चार वर्षांनी कॅमेरा सापळ्यांच्या (प्राणी समोर येताच आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) आधारे होते, त्यामुळे मचाणावरची मोजणी आता मुख्यतः निसर्गानुभवासाठी असते. तरीही आपली नोंद खरी असावी. चांदण्यात रंग दिसत नाहीत, आकार दिसतो. चितळ बहुधा कळपाने आणि उजेड असताना येतात, सांबर अंधार पडल्यावर एकेकटे किंवा लहान गटाने. उन्हाळ्यात बऱ्याच सांबर नरांची शिंगे गळालेली असतात, म्हणून शिंगे नाहीत एवढ्यावरून मादी लिहू नये; मानेची जाडी आणि आयाळ पाहावी. भेकर आणि चौसिंगा या हरणासारख्या लहान प्राण्यांत गल्लत होते: भेकर पळताना शेपूट उभारते व तिची पांढरी बाजू चमकते. खात्री नसेल तर ‘अनोळखी’ असे लिहावे. तोच कळप पुन्हा आला, तर पुन्हा मोजू नये.

बरोबर असणारा गाईड किंवा वनमजूर शेजारच्याच गावचा असतो आणि या दिवसांत तेंदूपानांचा हंगाम चालू असल्याने तो बहुधा पहाटेपासून पाने तोडून, पुडे बांधून आलेला असतो. त्याच्यासाठीही दशम्या आणि पाणी न्यावे. त्याला डुलकी लागली, तर लागू द्यावी. जवळून कॉल आला की तो आपल्या आधी जागा होतो. त्याने हात वर केला की बोलणे तर सोडाच, पानही उलटू नये. त्याच्या हातात आपल्याकडचा खाऊ देतानाही तो कागदात नसावा, हे सांगायला नको, तरी सांगतो.

मचाणावर चढल्यावर पहिल्या अर्ध्या तासात, ऊन असतानाच, बॅगेतील प्रत्येक वस्तू हातात घेऊन कानाजवळ हलवावी. जी वाजेल ती फडक्यात गुंडाळावी. चुकून एखादे वेष्टन आलेच असेल, तर ते त्याच वेळी सोडवून बॅगेच्या तळाशी ठेवावे व सकाळपर्यंत त्याला हात लावू नये.

सकाळचे थोडक्यात: गाडी येईपर्यंत उतरू नका, कचरा व बाटल्या परत आणा, तक्ता वनरक्षकाच्या हाती द्या, आणि रात्रभर जागून स्वतः गाडी चालवत नागपूरला निघू नका.