लाल टिकली

नव्याने रुजू झालेल्या शिक्षक-शिक्षिकांचे मला अधूनमधून फोन येतात. परिपाठ, शिजलेल्या आहाराची चव बघून नोंद करायचं चव रजिस्टर, पोषण आहाराची ऑनलाइन माहिती, हे सगळं त्यांना येत असतं. मग आवाज जरा खाली येतो. "मॅडम, मुलं भाजी ताटाच्या कडेला सारतात, सुट्टीत दुकानातली पुडी खातात, मैदानावर नेलं की पाच मिनिटांत बसतात. सुरुवात कुठनं करू?" मी आधी एकच विचारते, वर्गात डब्याचा तक्ता लावलात का? लावला असेल तर आज काढा. बाकीचं नंतर बोलू.

एवढ्या ताडकन का सांगते, ते ऐका.

सोलापूर जिल्ह्यातली दुशिक्षकी शाळा, माझ्याकडे पहिली-दुसरी, पट 31. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. आमच्याकडे मुलं खिचडीबरोबर खायला घरनं काहीतरी आणतातच. मी मोठ्या पुठ्ठ्यावर सगळ्यांची नावं लिहिली, पुढे चौकोन आखले आणि बाजारातून टिकल्यांची पाकिटं आणली. डब्यात भाजी किंवा फळ असलं की हिरवी टिकली, नसलं की लाल. आठवड्यात पाच हिरव्या झाल्या की शनिवारी पेन्सिल. पहिले दोन आठवडे वर्ग नुसता उसळला होता. फोटो काढले, ग्रुपवर टाकले, कौतुकही झालं.

दुसरीत एक मुलगी होती. तिच्या फडक्यात रोज एकच गोष्ट: ज्वारीची भाकरी, मधोमध दुमडलेली, आत शेंगाची चटणी आणि तेलाची धार. भाकरीला तेलाचा डाग पडून तो भाग पारदर्शक झालेला असायचा. माझ्या नियमात चटणी म्हणजे भाजी नव्हती, त्यामुळे तिला रोज लाल. तिच्या शेजारचा मुलगा दप्तरात तळलेल्या कुरमुऱ्यांची रंगीत पुडी आणायचा आणि डब्यात काकडीच्या दोन चकत्या. त्याला रोज हिरवी.

तिसऱ्या आठवड्यात ती भिंतीकडे तोंड करून जेवायला लागली. फडकं मांडीत, वर हात आडवा. मला वाटलं, लाजाळू आहे. मग भाकरी यायचीच बंद झाली. एके दिवशी तिची आई रानातून परतताना, हातात खुरपं तसंच घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली. "मॅडम, पोरगी भाकरी न्यायला नगं म्हणतीया. तुमी तांबडी टिकली लावता म्हनं. मग म्या पाच रुपये देती, ती दुकानातनं कायबी घेती."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. शाळा सांगते ते बरोबरच असणार, असं धरून ती आली होती. मला उभ्या जागी घाम फुटला.

आता यात काय काय चुकलं ते मी फोड करून सांगते, कारण ही चूक चांगल्या शिक्षकांच्याच हातून होते, आळशी माणूस तक्ता लावतच नाही. पहिलं, माझं आहाराचं ज्ञानच कच्चं होतं. शेंगदाण्यात 100 ग्रॅममागे 24-25 ग्रॅम प्रथिनं असतात. ज्वारीत लोह आहे, भरपूर तंतू आहेत. भाकरी-चटणीला जोड म्हणून एखादा कांदा, एखादी मेथीची काडी पुरली असती. मी मात्र त्या मुलीला जेवणातून उठवलं आणि पुडीवर नेऊन बसवलं. दुसरं, आणि हे नीट ध्यानात घ्या: सात वर्षांचं मूल डबा करत नाही. डबा घर करतं. सकाळी सात वाजता खुरपणीला निघणारी बाई काय करू शकते, घरात काल काय उरलं होतं, आठवडी बाजार कधी आहे, यावर डबा ठरतो. म्हणजे मी 31 मुलांना नव्हे, 31 चुलींना गुण देत होते आणि ते सगळ्यांना दिसेल असे भिंतीवर लावत होते. तिसरं, मुलं पोलीस झाली. "मॅडम, ह्याच्यात नुसतं लोणचंय!" असं ओरडत एकमेकांची झाकणं उघडायला लागली. आणि चौथं म्हणजे पेन्सिल. ज्या खाण्यासाठी बक्षीस द्यावं लागतं ते खाणं वाईटच असणार, असा हिशोब मुलं मनात करतात. पेन्सिली संपल्या त्या आठवड्यात काकडीही संपली.

तक्त्याचीच चुलत भावंडं पुष्कळ आहेत. वजन-उंची घेताना आकडे मोठ्यानं वाचणं हे त्यातलं सर्वांत वाईट. 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा'चं पथक तपासणीला येतं तेव्हा रांग दाराबाहेर ठेवा, आकडा फक्त कागदावर जाऊ द्या. "जाड्या" आणि "काडी" ही नावं एकदा चिकटली की चौथीपर्यंत सुटत नाहीत.

घाबरू मात्र नका. मी टिकल्या सोलून काढल्या, पुठ्ठा उलटा करून त्यावर पाढे लिहिले आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन मुलांच्या पंगतीत मांडी घालून बसले. काही बोलले नाही. चार-पाच दिवसांनी त्या मुलीनं माझ्या चटणीकडे बघून विचारलं, "मॅडम, तुमच्यात लसूण कमी आहे का?" दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचं फडकं परत आलं. मुलं आपल्याला जितक्या लवकर माफ करतात, तितक्या लवकर आपण स्वतःला करत नाही.

सल्ला कोणाचा घ्यायचा याबद्दल माझं मत पक्कं आहे. ज्येष्ठांचं मार्गदर्शन घ्या म्हणतात, जरूर घ्या. पण आहाराच्या बाबतीत तुमच्या शाळेतला सर्वांत अनुभवी माणूस म्हणजे खिचडी शिजवणाऱ्या ताई. पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 450 कॅलरी, 12 ग्रॅम प्रथिनं, हे आपल्याला परिपत्रकातून कळतं. सोमवारी कोण तीनदा भात मागतं, म्हणजे रविवारी कोणाच्या घरी धड जेवण झालं नाही, हे ताईंना कळतं. मला दोन वर्षं लागली त्यांच्याशेजारी जाऊन बसायला. तुम्ही पहिल्या आठवड्यातच बसा. दोडका मोठा चिरला की मुलं वेचून काढतात आणि किसून डाळीबरोबर शिजवला की खातात, हे मला त्यांनीच दाखवलं. नंतर आम्ही थोडा दोडका मुद्दाम फोडींचाच ठेवायला लागलो, कारण लपवून खाऊ घातलेली भाजी मुलाच्या ओळखीची होत नाही.

ओळख हाच सगळा खेळ आहे. नवी चव मुलाला पटायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा समोर यावी लागते. आपण दुसऱ्या वेळेलाच "याला आवडत नाही" असा शिक्का मारतो. माझा नियम इतकाच: वास घ्या, जिभेला लावा, नको असेल तर ताटाच्या कडेला ठेवा. जबरदस्ती नाही आणि शाबासकीही नाही. शेपूला आमच्याकडे जूनपासून डिसेंबर लागला, आणि तरी सहा जण आजही खात नाहीत. चालतं.

मटकी मात्र लगेच जमते, नवीन माणसानं तिथूनच सुरुवात करावी. सोमवारी मूठभर मटकी मुलांसमोर भिजत घाला, मंगळवारी ती मुलांनाच ओल्या फडक्यात बांधू द्या आणि खिडकीच्या दांडीला टांगा. बुधवारी गाठ सोडली की पांढरे मोड फडक्याच्या विणीतून बाहेर आलेले असतात आणि अख्खा वर्ग डोकं घालतो. वाफवून, कांदा-लिंबू घालून ताईंनी वाढलेली ती मटकी न खाणारं मूल मी पाहिलेलं नाही, कारण गाठ मुलांनीच बांधलेली असते. परसबागेचंही तसंच. पाणी नाही म्हणून आम्ही हात धुण्याच्या जागेवरून चर काढला आणि तिथं मेथी पेरली, कडेला शेवगा लावला. मेथी महिन्याभरात काढायला येते, तेवढा धीर पहिलीच्या मुलांनाही असतो.

आता मैदान. 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं चांगली धावपळ करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वाड्या-वस्त्यांवरच्या मुलांना ती आपोआप मिळते हा समज आता सोडा. घरी गेल्यावर त्यांच्याही हातात मोबाइल असतो. खेळाचा तास गणितासाठी कापू नका. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. सकाळी धावणं चांगलं म्हणून सांगायचं आणि दुपारी तेच शिक्षा म्हणून द्यायचं, मग मूल कशावर विश्वास ठेवेल? वर्गात पडद्यावर व्हिडिओ लावून "करा रे" म्हणत खुर्चीत बसणं हाही मार्ग नव्हे. तुम्ही ओढणी खोचून मैदानात उतरलात की मुलं उतरतात.

खेळ निवडताना एक बघा. लंगडी, खो-खो उत्तम खेळ आहेत, पण त्यात सर्वांत आधी बाद होऊन बसतं कोण? ज्याला दम लागतो तेच मूल. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त पळायची गरज, तेच सर्वांत जास्त वेळ कडेला धूळ उकरत बसतं. पहिली-दुसरीला मी साखळी खेळवते: पकडला गेला की हात धरून साखळीत यायचं आणि पुढे पळत राहायचं. डोंगर-पाणीतही बाद झालेल्यावर मी राज्य देते, बसवत नाही. एवढ्या एका बदलानं मैदानावर बसलेलं मूल दिसेनासं झालं.

शनिवारच्या सकाळच्या शाळेबद्दल गंभीरपणे सांगते. कवायतीच्या आधी "काय खाऊन आलात?" हे विचारल्याशिवाय शिट्टी वाजवू नका. निम्मी मुलं चहा-बटरवर आलेली असतात, काही कोऱ्या पोटी. एकदा एक मुलगा सूर्यनमस्कारात डोळे फिरून पडला, त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ताई गूळ-पाणी आणायला धावल्या होत्या. तेव्हापासून कपाटात फुटाणे आणि गुळाचा डबा असतो. शनिवारी आधी मूठभर ते, मग कवायत. जंतनाशकाची गोळी आणि आठवड्याची गुलाबी लोहगोळीही उपाशीपोटी देऊ नका, जेवणानंतरच द्या.

दुकानाचा प्रश्न माझा अजून पूर्ण सुटलेला नाही. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ मुलांना विकू नयेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. नियमाचा कागद घेऊन मी पहिल्यांदा दुकानात गेले आणि परत आले, कारण दुकानदार काकांचा नातू माझ्याच वर्गात होता आणि त्यांचं घर त्या दुकानावर चालतं. दुसऱ्यांदा शाळा व्यवस्थापन समितीच्या दोन आयांना घेऊन गेले. पाच रुपयांत काय देता येईल, याचा हिशोब आम्ही चौघांनी त्यांच्या वहीत मांडला: फुटाणे, शेंगदाण्याचा लाडू, हंगामात बोरं आणि पेरू. पुड्या दोरीवर अजून लटकतात, फक्त आता आतल्या बाजूला. गल्ल्याजवळ दोन बरण्या आल्या आहेत. लाडवांची बरणी मधल्या सुट्टीत संपते, फुटाण्यांची अर्धी उरते. काका म्हणतात, मॅडम, फुटाण्याला जरा मीठ-हळद लावून बघतो. येत्या सोमवारी बघू.