अमेरिकन यादवीतल्या शिपायाचं पत्र कसं उतरवून काढावं

घडी हलक्या हाताने उलगडा, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावू नका. झाली तयारी. एवढ्यावर लोक पानंच्या पानं लिहितात आणि पुढे 'आता मजकूर टाइप करा' म्हणून मोकळे होतात. घोळ नेमका तिथेच होतो.

पाकीट असेल तर आधी ते बघा. उत्तरेकडच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या बाजूने लढणाऱ्या शिपायाला तिकीट न लावता पत्र टाकता येई. वर 'सोल्जर्स लेटर' असा शेरा आणि अधिकाऱ्याची सही असली की तीन सेंटचं टपाल घरच्यांनी भरायचं. फुटून निघालेल्या दक्षिणेत कागदाची इतकी टंचाई होती की वापरलेलं पाकीट उलटं करून पुन्हा चिकटवत. त्यामुळे आत डोकावा, जुना पत्ता सापडू शकतो.

आता मजकूर. शिपायाचं शुद्धलेखन सुधारू नका. 'अर्थ लागेल तसं नीट करून घ्या' असा सल्ला हमखास मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. सुरुवातीची पंधरा-वीस पत्रं मी तशीच 'नीट' केली आणि नंतर सगळी पुन्हा उतरवली. एका पत्रात ओळ होती, 'वी हिअर आर ऑल वेल'. त्यातला 'हिअर' त्याने 'ऐकणे' या अर्थाच्या स्पेलिंगने लिहिला होता. मी एक शब्द इकडचा तिकडे केला आणि 'सगळे बरे आहेत असं आम्ही ऐकतो' असं वाक्य बनवलं. त्याला म्हणायचं होतं, 'आम्ही इथे सगळे बरे आहोत.' छावणीतली खुशाली मी परस्पर घरच्यांच्या नावावर टाकली होती.

ही माणसं कानाला ऐकू येईल तसं लिहीत. पूर्णविराम नाही, वाक्याची सुरुवात कुठे ते कळत नाही. मोडी वाचलेल्यांना ही सवय असते, इतरांनी एकच करावं: मोठ्याने वाचावं. डोळ्यांना न लागलेला शब्द कानाला लागतो. तरीही लागला नाही तर चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे चला. अंदाजाने भरलेला शब्द पुढचा माणूस खरा धरून चालतो, म्हणून मला रिकामी जागा परवडते.

अक्षरांचे दोन सापळे आहेत. लागोपाठ दोन एस आले की पहिला लांब काढून त्याला खाली शेपूट देत. तो एफसारखा दिसतो, कधी दोन्ही मिळून पी वाटतात. 'मिस' अमुकतमुकमधलं 'मिफ्स' मी टोपणनाव समजलो होतो आणि तशी तळटीपही लिहिली होती! दुसरा सापळा कंपनीचा, म्हणजे शिपायाच्या तुकडीच्या अक्षराचा. पायदळाच्या रेजिमेंटमध्ये साधारण दहा कंपन्या, ए ते के, पण जे नसे, कारण हाताने लिहिलेले आय आणि जे एकसारखे दिसत. तुम्ही 'कंपनी जे' वाचलं असेल तर ती आय आहे.

कागद वाचवायला काहीजण भरलेलं पान आडवं फिरवून त्याच ओळींवर पुन्हा लिहीत. अशी जाळी दिसली की लोक फोटो मोठा करत जातात आणि आणखी गोंधळतात. उलट लहान करा. आडव्या ओळी संपवा, चित्र फिरवा, मग उरलेल्या वाचा. पहिली दहा मिनिटं काही दिसत नाही, मग डोळा आपोआप एकच दिशा धरतो.

तारखेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, जानेवारीत तर मुळीच नाही. हात जुनंच साल लिहितो. समजा वर 'रविवार, ४ जानेवारी १८६२' आहे आणि आत टेनेसीतल्या मर्फ्रीसबरो गावच्या लढाईचं वर्णन. ती लढाई ३१ डिसेंबर १८६२ ते २ जानेवारी १८६३ अशी झाली. १८६२ मध्ये ४ जानेवारीला शनिवार होता, १८६३ मध्ये रविवार. पण उतरवताना १८६२ च ठेवा, दुरुस्ती टिपेत द्या. उत्तरेकडचा याच लढाईला स्टोन्स रिव्हर म्हणेल, कारण ते बहुधा नदी-ओढ्याचं नाव घेत आणि दक्षिणेकडचे गावाचं.

'हत्ती पाहिला' असं आलं तर प्राणी शोधू नका, तो प्रत्यक्ष लढाईत उतरला होता. 'व्हर्जिनिया क्विकस्टेप' म्हणजे जुलाब. असलं सगळं घरी कळवता येई, कारण युद्धकैद्यांची पत्रं तपासत असले तरी इतरांच्या मजकुराला सहसा कात्री लागत नसे.

शेवटी नाव आणि रेजिमेंट वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या सेवा-नोंदींशी ताडून घ्या. उत्तरेकडचा शिपाई युद्धात मेला असेल आणि मधली पत्रं गायब असतील तर पेन्शनची फाइल मागवा. १८६२ च्या कायद्याने विधवांबरोबर मुलावर अवलंबून असलेल्या आयांनाही पेन्शन मिळू लागलं. मुलगा घरी पैसे पाठवत होता याला पुरावा काय, तर त्याची पत्रं. कित्येक आयांनी ती अर्जाला जोडली, आणि ती अजून तिथेच आहेत.