रेणूला दोष देण्याआधी: फ्लुरोसन्स मोजताना या चुका टाळा

फ्लुरोसन्स म्हणजे पदार्थाने उजेड गिळून तो बदललेल्या रंगात परत देणं. तो मोजणाऱ्या आमच्या फ्लुरोमीटरच्या खोलीत येणारी गाऱ्हाणी दोनच. ‘मॅडम, कंपाउंड चमकतच नाही,’ हे एक आणि ‘मॅडम, ब्लँकच (कंपाउंड न घातलेलं नुसतं सॉल्व्हंटच) चमकतंय,’ हे दुसरं. पहिलं गाऱ्हाणं आणणारा हातातल्या व्हायलकडे संशयाने बघत असतो, दुसरं आणणारा मशीनकडे. लॅम्प गेला म्हणून पीक (आलेखावरचं शिखर) आला नाही, असं फार क्वचित घडतं. गोम बहुतेक वेळा मधेच कुठेतरी असते: सॉल्व्हंटमध्ये, पीएचमध्ये, क्युवेटमध्ये (द्रावण ठेवायच्या चौकोनी काचपात्रात), नाहीतर ‘जास्त घातलं की जास्त चमकेल’ या समजुतीत.

जास्त घातलं म्हणून जास्त चमकत नाही

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो, म्हणून सुरुवात इथून.

क्विनाइन सल्फेटचं दाट द्रावण घ्या आणि अंधारात एका बाजूने यूव्ही टॉर्च लावा. निळा उजेड फक्त टॉर्चकडच्या भिंतीला चिकटलेला दिसेल, दुधावर साय धरावी तसा. मागचं द्रावण काळंच. जॉन हर्शेलने 1845 मध्ये हेच पाहिलं होतं. सूर्यप्रकाश क्विनाइनच्या द्रावणात जिथे शिरतो तिथल्या पातळ थरातच निळी झाक होती, आणि तोच प्रकाश पुढे दुसऱ्या क्विनाइनच्या भांड्यात सोडला तर तिथे काहीच दिसेना. 1852 मध्ये जॉर्ज स्टोक्सने याचा उलगडा केला. फ्लुओरस्पार खनिजावरून ‘फ्लुरोसन्स’ हे नावही त्यानेच दिलं. हर्शेलला ज्याचं नवल वाटलं, त्याला आमची मुलं मशीनचा बिघाड म्हणतात.

आता हिशेब बघा. नेहमीच्या रचनेत डिटेक्टर बघतो क्युवेटच्या मधल्या भागाकडे. एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये शोषण (द्रावण किती उजेड गिळतं याचं लॉगमधलं माप) 0.1 असेल तर मध्यापर्यंत 89 टक्के उजेड पोचतो. शोषण 1 झालं की 32 टक्के, 2 झालं की अवघा 10. म्हणजे तुमचं कंपाउंड चमकतंय, पण समोरच्या भिंतीपाशी, आणि डिटेक्टर वाट बघतोय मधोमध. म्हणून एक्सायटेशनच्या (आत सोडलेल्या उजेडाच्या) तरंगलांबीवर शोषण 0.1 च्या खाली, जमलं तर 0.05 च्या आसपास ठेवा. आधी शोषण मोजणाऱ्या यूव्ही मशीनवर जा, मग इकडे या.

खात्री करायला एक साधी युक्ती आहे. द्रावण निम्मं पातळ करा. रीडिंगही निम्मं झालं तर ठीक. तेवढंच राहिलं, किंवा उलट वाढलं, तर पहिलं द्रावण दाट होतं. दाट द्रावणात एमिशनचा (बाहेर पडणाऱ्या उजेडाचा) निळ्याकडचा काठही खाल्ला जातो, कारण तिथला उजेड शेजारचे रेणूच परत गिळतात. पीक लाल बाजूला सरकल्यासारखा दिसतो आणि मग कुणीतरी त्याला ‘ॲग्रिगेशन’ (रेणूंचं एकत्र गोळा होणं) म्हणून मोकळं होतं.

ॲग्रिगेशन खरंही असू शकतं, तेव्हा दोन्हींत गल्लत नको. पायरीन पातळ असताना 375 ते 400 नॅनोमीटरच्या पट्ट्यात बारीक दात असलेलं एमिशन देतं. दाट केलं की 470-480 च्या आसपास बिनदाताचा रुंद डोंगर उगवतो. तो एक्सायमर, म्हणजे उत्तेजित रेणू शेजाऱ्याला बिलगून चमकतो तेव्हाचा उजेड.

प्रत्येक टेकाड तुमचं नसतं

पाण्यातलं सॅम्पल, एक्सायटेशन 350 नॅनोमीटर, आणि 397 च्या आसपास एक छोटं, टोकदार टेकाड. तो पाण्याचा रामन पीक. पाणी आपटलेल्या उजेडातून साधारण 3400 प्रति सेंटिमीटर इतकी ऊर्जा कापून घेतं. एक्सायटेशन 340 करा, टेकाड 384 च्या आसपास येईल. खरा फ्लुरोसन्स जागेवरून सहसा हलत नाही, त्याची फक्त उंची बदलते. दहा नॅनोमीटर इकडे-तिकडे करून बघायला दोन मिनिटं लागतात, पण ती दोन मिनिटं वाचवून प्रबंधात पाण्याचा पीक छापलेली माणसं आहेत.

यात एक गंमत आहे. 1923 मध्ये कलकत्त्याला सी. व्ही. रामन यांच्याकडे काम करणाऱ्या के. आर. रामनाथन यांना द्रवांतून विखुरलेल्या उजेडात अशीच एक क्षीण झाक दिसली होती. तेव्हा तिला अशुद्धीमुळे येणारा दुबळा फ्लुरोसन्स समजलं गेलं. द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केले तरी ती झाक जाईना. फेब्रुवारी 1928 मध्ये ती वेगळीच गोष्ट असल्याचं पक्कं झालं. त्यामुळे रामन पीकला फ्लुरोसन्स समजलात तर फार लाजू नका, फक्त 1923 मध्येच अडकून राहू नका.

700 ला दिसणारा पीक तर एक्सायटेशनच्याच 350 ची दुप्पट आहे, मशीनमध्ये उजेड रंगांत फोडणाऱ्या ग्रेटिंगची करामत. मधे फिल्टर लावा, विषय संपला.

क्युवेट आणि साबण

यूव्हीचं क्युवेट दोन बाजूंनी खडबडीत असतं. ते फ्लुरोमीटरमध्ये ठेवलं की काटकोनात डिटेक्टरकडे जाणारा उजेड त्या खडबडीत काचेतून कसाबसा बाहेर पडतो. चारही बाजू स्वच्छ असलेलं क्युवेट घ्या, आणि 300 च्या खाली जायचं असेल तर क्वार्ट्झच.

आता आमचीच एक फजिती. एकदा आठवडाभर सगळ्यांचे ब्लँक निळे चमकत होते. सॉल्व्हंटच्या बाटल्या बदलल्या, लॅम्प बदलायचा विचार झाला. शेवटी कळलं की लॅबचा साबण संपला म्हणून कुणीतरी घरून कपड्यांची पावडर आणली होती. कपडे ‘शुभ्र’ दिसावेत म्हणून तिच्यात घातलेले ब्राइटनर बहुतेक स्टिलबिनच्या कुळातले असतात. यूव्ही घेऊन निळा उजेड देणं हाच त्यांचा धंदा! टिश्यूचे धागेही त्याच जातीचे. तेव्हापासून क्युवेट धुण्याच्या बेसिनवर यूव्ही टॉर्च टांगलेला आहे.

‘कॉन्जुगेशन आहे ना, मग चमकणारच’

नाही चमकणार. निदान तेवढ्यावर तरी नाही. कॉन्जुगेशन (एकाआड एक दुहेरी बंध) फक्त उजेड गिळायची सोय करतं. गिळलेली ऊर्जा उजेड म्हणूनच परत यायची तर रेणूला ती अंग हलवून उधळायला वाव नको.

बायफेनिल घ्या. दोन बेंझिन कडी एका बंधावर फिरतात, क्वांटम यील्ड (गिळलेल्या उजेडातला किती वाटा चमकून परत येतो) 0.2 च्या आसपास. त्याच दोन कड्यांना एका मिथिलीनच्या पुलाने बांधा की फ्लुओरीन तयार (हॅलोजनवालं नव्हे, हायड्रोकार्बन), आणि यील्ड तिपटी-चौपटीने वर. याहून बोलका नमुना फिनॉल्फ्थॅलीनचा. थॅलिक अनहायड्राइडवर फिनॉल टाकलं की फिनॉल्फ्थॅलीन, रिसॉर्सिनॉल टाकलं की फ्लुरेसीन. अल्कलीत एक गुलाबी होतं आणि तसंच मंद बसून राहतं, दुसरं हिरवं पेटतं. दोघांतला महत्त्वाचा फरक म्हणजे दोन कड्यांना घट्ट धरणारा एक ऑक्सिजनचा पूल.

म्हणूनच हलक्या, फिरत्या बंधांचं कंपाउंड पाण्यात चमकलं नाही तर लगेच टाकून देऊ नका. ग्लिसरॉलमध्ये घालून बघा, नाहीतर गार करा. ट्रान्स-स्टिलबिन साध्या द्रावणात जेमतेम चमकतं, गोठलेल्या काचेसारख्या माध्यमात झकास. काही रेणू तर एकमेकांत दाटीवाटीने अडकले की पेटतात. 2001 मध्ये बेन झोंग तांग यांच्या गटाने सायलोलमध्ये (सिलिकॉन असलेल्या कड्याच्या रेणूंमध्ये) हा उलटा प्रकार दाखवला. द्रावणात अंधार आणि पाणी घालून गाळ पाडला की उजेड. म्हणजे ‘गाळ आला, सॅम्पल गेलं’ हेही दरवेळी खरं नाही.

दुसरी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे जड अणू. फ्लुरेसीनचा यील्ड अल्कलीत 0.9 च्या वर. त्यावर चार ब्रोमीन चढवले की इओसिन, यील्ड 0.2 च्या आसपास. चार आयोडीन चढवले की एरिथ्रोसिन, सुमारे 0.02. सांगाडा तोच, पण जड अणू इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटवून त्याला ट्रिपलेट नावाच्या अवस्थेत ढकलतो, आणि तिथून साध्या तापमानाला उजेड सहसा परत येत नाही. नायट्रो गटही असाच चमक मारणारा. इथेनॉलमध्ये बेंझिनची चमक 10 धरली तर ॲनिलीन 20, क्लोरोबेंझिन 7, ब्रोमोबेंझिन 5, आणि आयोडोबेंझिन, नायट्रोबेंझिन दोघंही शून्य.

क्विनोलीनसारख्या, नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनची मोकळी जोडी असलेल्या रेणूंचा आणखी एक नखरा. हेक्झेनमध्ये ते गप्प, अल्कोहोलमध्ये बोलके. अल्कोहोलचा हायड्रोजन त्या जोडीला धरून ठेवतो, आणि न चमकणारी ऊर्जेची पायरी वर सरकते. एकाच सॉल्व्हंटमध्ये बघून ‘नॉन-फ्लुरोसंट’ लिहिणं म्हणजे एकाच खोलीत बघून माणूस घरी नाही म्हणण्यासारखं.

ॲसिड कुठलंही चालेल, हा गैरसमज

क्विनाइनचं स्टँडर्ड (तुलनेसाठीचं द्रावण) 0.05 मोलर सल्फ्युरिक ॲसिडमध्ये करतात. बाटली हाताशी नव्हती म्हणून हायड्रोक्लोरिक वापरलं की चमक धाडकन पडते, कारण क्लोराइड क्विनाइनची चमक विझवतं. घरी बघायचं तर टॉनिक वॉटरवर यूव्ही टॉर्च मारा, मग त्यात चमचाभर मीठ घाला. आधी फेस, मग निळा रंग उतरलेला.

फ्लुरेसीन डिस्टिल्ड वॉटरमध्ये घालून ‘मागच्या वेळेपेक्षा कमी चमकतंय’ म्हणणारेही पुष्कळ. उघड्यावरचं डिस्टिल्ड वॉटर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आंबट झालेलं असतं, आणि फ्लुरेसीनचा नीट चमकणारा डायॲनायन (दोन ऋण प्रभारांचं रूप) पीएच साडेसहाच्या बराच वर गेल्यावर भरात येतो. बफर वापरा. ॲनिलीनलाही ॲसिडमध्ये टाकलंत तर वरच्या यादीतले 20 शून्यावर येतात.

सगळ्यात फसवं म्हणजे 2-नॅफ्थॉल. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा) 9.5, म्हणून पीएच 7 ला एकच रूप असणार असं आपण धरतो, आणि शोषणही तसंच सांगतं. एमिशनमध्ये मात्र दोन पीक, एक 355 च्या जवळ, दुसरा 420 च्या आसपास. सॅम्पल खराब नाही. उजेड गिळल्यावर तोच रेणू कितीतरी पटींनी आम्लधर्मी होतो, उत्तेजित अवस्थेतला पीकेए 3 च्याही खाली जातो, आणि काही रेणू चमकण्याआधीच प्रोटॉन सोडून देतात.

सॉल्व्हंट, हवा, ऊन

चिमूटभर हळद, सांगलीची असो की सेलमची, स्पिरिटमध्ये हलवून गाळा. यूव्ही टॉर्चखाली पिवळट हिरवा उजेड दिसेल. आता त्यात पाणी ओतत जा. गढूळ होत होत चमक मावळते. थोडं शाम्पू घातलं तर काहीशी परत येते, कारण साबणाच्या रेणूंच्या सूक्ष्म गोळ्यांत कर्क्युमिनला (हळदीच्या रंगद्रव्याला) तेलकट आडोसा मिळतो. पाण्याच्या जागी टोल्यूईन घेतलं तर एमिशन निळ्याकडे सरकतं. एकाच पदार्थाचे इतके चेहरे असतील, तर सॉल्व्हंट न लिहिता नुसता ‘एमिशन मॅक्स’ लिहिण्याला काही अर्थ नाही.

हवेतला ऑक्सिजनही चमक मारतो, पण सगळ्यांची सारखी नाही. फ्लुरेसीन चार नॅनोसेकंदांत चमकून मोकळं होतं, त्याला ऑक्सिजन गाठेपर्यंत काम झालेलं असतं. पायरीन हवा काढलेल्या द्रावणात शेकडो नॅनोसेकंद जागं राहतं, उघड्या सायक्लोहेक्झेनमध्ये जेमतेम दहा-वीस. अशांना पंधरा-वीस मिनिटं नायट्रोजन द्या. मात्र तो आधी त्याच सॉल्व्हंटच्या बाटलीतून फिरवून आणा, नाहीतर सॉल्व्हंट उडून द्रावण दाट होईल आणि तुम्ही पुन्हा पहिल्या चुकीवर याल.

ऱ्होडामीन बी तापमानाला फार हळवं. दर अंशाला साधारण 2 टक्के चमक घटते, म्हणजे एसी बंद पडलेल्या दुपारचं रीडिंग सकाळच्या रीडिंगशी जुळणार नाही. दोष त्याच्या फिरत्या डायइथिलअमिनो गटांचा. तेच नायट्रोजन कड्यांत बांधून टाकलेलं ऱ्होडामीन 101 फारसं हलत नाही.

यील्ड काढताना सॅम्पल टोल्यूईनमध्ये आणि स्टँडर्ड पाण्यात असेल तर अपवर्तनांकाचा वर्ग विसरू नका. 1.497 आणि 1.333 मुळे उत्तरात 26 टक्क्यांचा फरक पडतो.

आणि चमकलंच तर?

तरी थांबा. मागे एक मुलगा शिफ बेस (अमाइन आणि ॲल्डिहाइड जोडून केलेला रेणू) घेऊन आला. पायरीनच्या अमाइनपासून केलेला, स्वतः मंद, पण कॉपर घातलं की झगझगीत. कॉपर ओळखणारा सेन्सर मिळाला म्हणून पेढे आले होते. मी एक्सायटेशन स्पेक्ट्रम (कुठल्या तरंगलांबीचा उजेड दिल्यावर किती चमकतं तो आलेख) घ्यायला सांगितलं आणि तो शोषणावर ठेवला. जुळेना. शिफ बेसच्या शोषणाचा डोंगर एकीकडे, एक्सायटेशनचे दात दुसरीकडे. ते दात सुरुवातीच्या अमिनोपायरीनच्या स्पेक्ट्रमवर ठेवले, तर एकावर एक बसले. कॉपर आणि पाणी मिळून शिफ बेस तोडत होते, आणि सुटलेलं अमाइन चमकत होतं. त्याने पेढ्यांचा बॉक्स उचलला, मिश्रणातले घटक वेगळे करून बघायची टीएलसीची प्लेट कापायला घेतली, आणि दारातूनच विचारलं, ‘मॅडम, कोरड्या ॲसिटोनायट्राइलमध्ये करून बघू?’