पर्यटनात पीएच.डी. करताय? प्रश्नावली छापण्याआधी या चुका टाळा

‘कोल्हापूर जिल्ह्यातील पर्यटन विकास: एक अभ्यास’ असलं शीर्षक घेऊन पीएच.डी.च्या गाईडकडे जाऊ नका. त्यात अंबाबाई, रंकाळा, राधानगरीचे गवे सगळं येतं आणि हाताला काही लागत नाही. पन्हाळा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. गडावरच घरं असलेल्या लोकांना त्याचं काय वाटतं, एवढा एक प्रश्नही पीएच.डी.ला पुरून उरेल.

खरी गडबड होते नमुन्यात, म्हणजे प्रश्न विचारायला माणसं निवडण्यात. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) उघडला की ‘३८४ जणांचा नमुना’ हा आकडा हमखास दिसतो. तो नमुना किती मोठा हवा हे सांगणाऱ्या १९७० च्या क्रेजी-मॉर्गन तक्त्यातला, आणि रँडम निवड, म्हणजे प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी, गृहीत धरून काढलेला. अंबाबाई मंदिराच्या महाद्वाराशी उभं राहून जो थांबेल त्याच्याकडून फॉर्म भरून घेतला, तर ती सोयीची निवड. हजार फॉर्म भरले तरी ती रँडम होत नाही. त्यात नवरात्रातली रांग! पाय दुखून आलेल्या माणसापुढे पस्तीस प्रश्न ठेवले की तो सगळीकडे ‘सहमत’वर खूण करून मोकळा होतो. असले फॉर्म बाजूला काढा. वार, वेळ, गर्दीचा आणि रिकामा हंगाम वाटून घ्या, दर दहाव्या माणसाला गाठा. येण्याचं कारण सगळ्यात आधी विचारा. चैत्र यात्रेला सासनकाठी घेऊन जोतिबावर आलेला भक्त आणि वीकेंडला पन्हाळ्यावर आलेलं कुटुंब यांची सरासरी काढून काय मिळणार?

डेटा आधीच गोळा झालाय? फेकू नका. निवड जशी केली तशीच लिहा, निष्कर्ष तेवढ्याच लोकांपुरता ठेवा आणि थोड्या सविस्तर मुलाखती जोडा. एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर नमुना दुरुस्त करून देत नाही.

महोत्सवाचा आर्थिक परिणाम मोजताना कोल्हापूरकरांचा खर्च धरू नका. तिथं मिसळ खाल्ली नसती तर त्यांनी गावातच दुसरीकडे खाल्ली असती. देवदर्शनाला आलेला आणि जाता जाता महोत्सवात डोकावलेला पाहुणाही वगळा. बाहेरून खास त्यासाठी आलेला पैसा तेवढा खरा. हे केलं की आकडा बराच खाली येतो, म्हणूनच आयोजकांना आवडत नाही.

हॉटेलातले कामगार नोकरी का सोडतात, हा विषय असेल तर फॉर्म मॅनेजरच्या हाती देऊ नका. सगळेच पगारावर खूश निघतील. ड्युटी सुटल्यावर चहाच्या गाडीवर गाठा, नाव लिहून घेऊ नका. आणि फक्त तारांकित हॉटेलं धरून ‘कोल्हापूरचा हॉटेल व्यवसाय’ म्हणू नका. खानावळी, लॉज आणि यात्री निवासही यादीत हवेत.