पाळी लांबली तर काय करावे : तारखेपासून तपासणीपर्यंत

पाळी चार दिवस पुढे गेली की मनात पहिली शंका गरोदरपणाची येते आणि कोकणातल्या छोट्या गावात ती शंका बोलून दाखवणे सोपे नसते. औषधाचा दुकानदार ओळखीचा असतो, उपकेंद्रातल्या सिस्टर शेजारच्या वाडीतल्या असतात. म्हणून अनेक जणी नुसती वाट पाहतात किंवा कच्ची पपई, तीळ आणि गूळ खाऊन पाळी ‘आणण्याचा’ प्रयत्न करतात. अशा खाण्याने लांबलेली पाळी येत नाही, गर्भही पडत नाही, केवळ दिवस वाया जातात. योग्य वेळी केलेली एक साधी चाचणी या सगळ्यापेक्षा अधिक उपयोगाची आहे.

प्रथम तारीख तपासावी. मागच्या पाळीत रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस धरून मोजावे, पाळी संपल्याच्या दिवसापासून नव्हे. प्रौढ स्त्रीचे चक्र साधारण 21 ते 35 दिवसांचे असते आणि एकाच स्त्रीच्या दोन चक्रांत काही दिवसांचा फरक पडणे स्वाभाविक आहे. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर साधारण 14 दिवसांनी पाळी येते आणि हा उत्तरार्ध फारसा बदलत नाही. बदलतो तो पूर्वार्ध. म्हणजे या महिन्यातली पाळी लांबली असेल, तर बहुधा स्त्रीबीजच उशिरा बाहेर पडलेले असते. लावणीच्या दिवसांतले अतिश्रम, तापाचे आजारपण, झपाट्याने घटलेले वजन, रात्रपाळी, परीक्षेचा किंवा घरातला ताण यांमुळे असे होऊ शकते. याच कारणाने, ‘माझी पाळी नेहमी तारखेला येते, म्हणून अमुक दिवस सुरक्षित’ हा हिशेब भरवशाचा नाही.

त्यानंतर स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे, की मागच्या पाळीनंतर संरक्षणाशिवाय संबंध आला होता का? वीर्य बाहेर सोडले असले तरीही गर्भ राहू शकतो. 72 तासांच्या आत घ्यायची तातडीची गर्भनिरोधक गोळी घेतली असल्यास पुढची पाळी काही दिवस अलीकडे-पलीकडे होते. ती आठवडाभराहून अधिक लांबली तर चाचणी करावी. ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रियांची पाळी अनियमित होते किंवा पूर्ण थांबते आणि ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळीनेही सुरुवातीच्या महिन्यांत पाळ्यांमधले अंतर वाढू शकते. बाळ अंगावर पीत असताना पाळी आलेली नसली तरी गर्भधारणा होऊ शकते, कारण स्त्रीबीज पाळीच्या आधी बाहेर पडते.

आपल्याकडे आणखी एक कारण हमखास विसरले जाते, ते म्हणजे गणपतीत पाळी येऊ नये म्हणून घेतलेल्या गोळ्या. नॉरएथिस्टेरॉन असलेल्या या गोळ्या बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. मात्र त्या दिवसांत त्या गर्भनिरोधकाचे काम करतात असे मुळीच समजू नये. सणासाठी चाकरमानी नवरा गावी आलेला असतो, बायको पाळी लांबवण्याची गोळी घेत असते आणि तीच गोळी पुरेशी आहे असा दोघांचा समज असतो. हा समज घातक आहे. गोळ्या थांबवून आठवडा झाला तरी पाळी आली नाही, तर चाचणी करावी. पायात किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या वा यकृताचा आजार असलेल्या स्त्रियांनी या गोळ्या घेऊ नयेत, आणि इतरांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

चाचणी पाळीची अपेक्षित तारीख उलटल्यावर करावी. पाळी मुळातच अनियमित असेल, तर शेवटच्या संबंधानंतर 21 दिवसांनी करावी. गर्भ गर्भाशयात रुजल्यावरच एचसीजी हे संप्रेरक तयार होऊ लागते, त्यामुळे घाईने केलेली चाचणी खोटा दिलासा देते. ‘निश्चय’ किट आशाताईंकडे मोफत मिळते. गावात संकोच वाटत असेल, तर तालुक्याच्या बाजारपेठेतून विकत घ्यावे. वापराची मुदत पाहावी आणि पाकीट आयत्या वेळीच फोडावे, कारण पावसाळ्यातल्या दमट हवेत उघडी पट्टी खराब होते. सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या भांड्यात घेऊन पाकिटावर सांगितले आहे तेवढेच थेंब खळग्यात टाकावेत आणि साधारण पाच मिनिटांनी निकाल वाचावा. एक रेघ म्हणजे गर्भ नाही, दोन रेघा म्हणजे गर्भ आहे. दिलेल्या वेळेत उमटलेली दुसरी रेघ फिकट असली तरी ती धरावी. ठरलेल्या जागी एकही रेघ आली नाही, तर ती चाचणी बाद समजावी.

निकाल नकारार्थी येऊनही पाळी आली नाही, तर आठवड्याने चाचणी पुन्हा करावी. तीही नकारार्थी आली आणि पाळी तीन महिने आलीच नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. थायरॉइड, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारे संप्रेरक) आणि पीसीओएस (संप्रेरकांच्या असंतुलनाशी निगडित अंडाशयाचा विकार) यांच्या तपासण्यांतून कारण बहुतेक वेळा सापडते. पाळी सुरू होऊन एक-दोन वर्षेच झालेल्या मुलींमध्ये आणि चाळिशीनंतरच्या स्त्रियांमध्ये अनियमितता अधिक दिसते, पण चाळिशीत गर्भ राहत नाही असे गृहीत धरू नये.

चाचणी होकारार्थी असताना ओटीपोटात एका बाजूला तीव्र वेदना, रक्तस्राव, खांद्याच्या टोकाला दुखणे किंवा चक्कर येणे असे काही झाले, तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत राहिल्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घाटातला किंवा खाडीपलीकडचा रस्ता वेळ खातो, हे लक्षात ठेवावे.

मूल हवे असेल, तर लगेच नोंदणी करून फोलिक आम्लाच्या गोळ्या सुरू कराव्यात. नको असेल, तर दुकानातून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या आणू नयेत, कारण गर्भ नलिकेत असल्यास त्या गोळ्यांनी तो जात नाही आणि जिवाला धोका तसाच राहतो. 1971 च्या कायद्यानुसार, 2021 च्या दुरुस्तीनंतर, 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती त्यासाठी पुरेशी असते, नवऱ्याची सही लागत नाही, ती अविवाहित असली तरी हा मार्ग तिला खुला आहे आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मुलगी 18 वर्षांखालील असल्यास पालकाची लेखी संमती लागते.